निवृत्त लढाऊ विमानांचे फोटो काढायचे आहेत? परवानगी कुणाची, अर्ज कसा, कागदपत्रे कोणती

उघड्यावर गंजत पडलेल्या जुन्या लष्करी विमानाचा फोटो काढायला परवानगी लागते का, हे ते विमान कुणाच्या जमिनीवर उभे आहे यावर ठरते. तेच मॉडेल विज्ञान केंद्राच्या अंगणात असेल तर तिकीट काढून खुशाल फोटो काढा. छावणीच्या फाटकाशी चौथऱ्यावर बसवलेले असेल तर मोबाइल वर करण्याआधी विचारा. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारातले मारुत हे भारतीय बनावटीचे लढाऊ विमान पहिल्या प्रकारातले. गोव्यात बोगमाळो रस्त्यावरचे नौदलाचे विमान संग्रहालय दोन्हींच्या मधले आहे. लोकांसाठी ते खुले आहे, पण जागा नौदलाची आणि दाबोळीची धावपट्टी अगदी जवळ.

कायदा नेमके काय म्हणतो

१९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे. त्यातली ‘निषिद्ध ठिकाणा’ची व्याख्या भूदल, नौदल, हवाई दलाच्या ठाण्यांपासूनच सुरू होते आणि त्याच उपकलमात सरकारच्या मालकीचे जहाज व विमानही येते. ‘स्केच’ या शब्दात फोटो धरलेला आहे. संग्रहालयात पर्यटकाने काढलेल्या फोटोवर हा कायदा कोणी लावत नाही. तो आठवतो तो फ्रेमच्या मागच्या बाजूला हँगर, रडार किंवा उभे असलेले चालू विमान आले की.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये पोलीस ठाणे हे ‘निषिद्ध ठिकाण’ नसल्याचे म्हटले होते. त्या निकालाचा दाखला देत कुंपणापाशी पहारेकऱ्याशी हुज्जत घालणारे महाभाग असतात. लष्करी ठाण्यांच्या बाबतीत त्याचा काडीचा उपयोग नाही.

गोव्याचे संग्रहालय: तिकिटावर काय चालते, अर्ज कशाला लागतो

सोमवारी बंद. स्वतःसाठी, हातात कॅमेरा धरून फोटो काढणाऱ्याला वेगळा अर्ज करावा लागत नाही. तिकीट खिडकीवर कॅमेऱ्याचे शुल्क विचारून ते भरा आणि पावती खिशात ठेवा. ओळखपत्र मूळ हवे, मोबाइलमधला फोटो गृहीत धरू नका.

लेखी परवानगी आधीच मागावी अशी कामे म्हणजे ट्रायपॉड किंवा दिवे लावून चित्रीकरण, मॉडेल किंवा लग्नाआधीचे शूट, विक्रीसाठी किंवा पुस्तकासाठी छायाचित्रे, दोरीच्या आत जाऊन जवळून नोंदी घेणे, आणि वेळेच्या आधी किंवा नंतर थांबणे. शेवटची मागणी गंभीर छायाचित्रकार हमखास करतात, कारण संग्रहालय उघडते साडेनऊच्या सुमारास आणि तोवर सकाळचा तिरपा प्रकाश गेलेला असतो. गंज, उचललेले रिव्हेट, फुगलेला रंग हे सगळे तिरप्या उजेडातच दिसते. डोक्यावरच्या उन्हात पत्रा सपाट होऊन जातो. परवानगीच्या भानगडीत पडायचे नसेल तर डिसेंबर-जानेवारी गाठा. तेव्हा सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे बंद व्हायच्या आधीचा तास कामी येतो. मे महिन्यात तोच तास पांढराफटक असतो.

अर्ज संग्रहालयाच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या पदनामाने करा, नावाने नको. अधिकारी बदलून जातात आणि नावाचा अर्ज टेबलावर पडून राहतो. भाषा इंग्रजी किंवा हिंदी. मजकूर एका पानाच्या आत. त्यात दिवस आणि वेळ ‘सकाळी ७:३० ते ९:३०’ अशी नेमकी लिहा. ‘एक दिवस’ असे मोघम लिहिले की परत विचारणा येते. कोणती विमाने हवीत तेही लिहा, उदाहरणार्थ सीहॉक, अलिझे, सुपर कॉन्स्टेलेशन. ‘सर्व विमाने’ लिहिणाऱ्याला काय हवे आहे तेच कळलेले नाही, असा अर्थ निघतो. पुढे कॅमेरा, लेन्स यांचे मॉडेल आणि अनुक्रमांक, सोबत येणाऱ्यांची नावे, छायाचित्रे कुठे वापरणार, आणि धावपट्टीच्या दिशेने कॅमेरा न रोखण्याची हमी.

सोबत जोडायचे: आधार किंवा पासपोर्टची स्वसाक्षांकित प्रत (प्रत्येक व्यक्तीची), संस्थेकडून येत असाल तर संस्थेचे पत्र, आधीच्या कामाचे चार-पाच नमुने, आणि नुकसान झाल्यास भरपाईचे हमीपत्र. हमीपत्रासाठी आधीच स्टॅम्प पेपर विकत घेऊ नका. पुष्कळदा साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र चालते, मागितले तरच पुढचा खर्च करा. किमान महिनाभर आधी पाठवा आणि पोच घ्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नौदल दिनाची धांदल असते, तेव्हाची तारीख मागूच नये.

अर्ज नाकारले जातात ते बहुतेक दोनच गोष्टींवरून. उद्देश ‘वैयक्तिक’ लिहिलेला आणि सोबत सहा जणांची टीम. नाहीतर विमानाच्या आत चढायची मागणी. अलिझे आणि सीहॉक दोन्हींचे पंख घडीचे. जहाजावर जागा वाचावी म्हणून केलेल्या त्या सांध्यांमध्ये पाणी साठते आणि गंज तिथेच आधी धरतो. अॅल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी खिळा, वर खारी हवा, की खिळ्याभोवती पांढरी भुकटी सुटते आणि पत्रा पापुद्र्यापापुद्र्याने फुगतो. अशा पंखावर माणसाचे वजन टाकू देणे शहाणपणाचे नाही, त्यामुळे चढण्याची मागणी नाकारली तर वाद घालू नये. सांध्याचा जवळचा फोटो १०० मिलिमीटरच्या मॅक्रोने जमिनीवरूनही निघतो. कॉकपिटच्या पारदर्शक छत्रीचा फोटो घेताना लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवून पाहा. निळ्या आकाशासमोर अॅक्रिलिकमधला ताण रंगीत पट्ट्यांनी उमटतो आणि बारीक तडे वेगळे दिसतात.

जागा बंद पडलेली असेल तर

इथे लोक सर्वाधिक फसतात. फाटक मोडलेले, गवत वाढलेले, चौकीदार नाही, म्हणून जागा बेवारस ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली बेकायदा प्रवेशाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. भंगारचोरीच्या संशयात नाव आले तर प्रकरण आणखी चिघळते.

आधी मालक शोधा. महाराष्ट्रात गावाकडे सातबारा, शहरात मालमत्ता पत्रक. दोन्ही महाभूलेखच्या संकेतस्थळावर पाहता येतात. गोव्यात एक-चौदाचा उतारा. जमीन महापालिकेची निघाली तर अर्ज उद्यान विभागाकडे, मराठीतून. शाळा-महाविद्यालयाची असेल तर प्राचार्यांकडे, आणि विश्वस्त मंडळाची मान्यता लागेल हे धरून चाला.

विमान मात्र जमीनमालकाचेच असेल असे नाही. सैन्यदलाने ते प्रदर्शनासाठी दिलेले असू शकते. ते कुणाच्या नावावर आहे, देखभाल कुणाकडे आहे, हे माहिती अधिकारात विचारा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रातल्या कार्यालयाला विचारताना एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘विमान सडत का ठेवले?’ असला प्रश्न घालू नका. माहिती अधिकारात कागद मागायचा असतो, कारणमीमांसा मागायची नसते. ‘हस्तांतरणाच्या पत्राची आणि देखभालीच्या करारनाम्याची प्रत द्यावी’ एवढे पुरते.

छावणीच्या हद्दीत किंवा हवाई दलाच्या तळावर उभे असलेल्या विमानासाठी स्टेशन कमांडरला अर्ज, प्रत संरक्षण विभागाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला. मुंबई, पुणे, नागपूर इथे ही कार्यालये आहेत. रस्ता सार्वजनिक आहे हा मुद्दा तिथे मांडून उपयोग होत नाही. लेखी पत्र हातात नसेल तर कॅमेरा पिशवीतच बरा.

आत शिरायला मिळाले तरी तीन गोष्टी पाळा. १९४०-५० च्या दशकातल्या विमानांतल्या अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. काच फुटलेली असेल तर धूळ झटकू नका, नाका-तोंडाजवळ नेऊ नका. इजेक्शन सीटची (वैमानिकाला संकटात बाहेर फेकणाऱ्या आसनाची) स्फोटके काढलेली आहेत असे लेखी कळल्याशिवाय सीटच्या कुठल्याही हँडलला हात लावू नका. आणि हवा आत घेणाऱ्या तोंडात डोकावण्याआधी लांबून टॉर्च मारा. मधमाश्यांना ती जागा फार आवडते.

ड्रोन

२५० ग्रॅमच्या आतल्या ‘नॅनो’ ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून तो कुठेही उडवता येतो हा समज चुकीचा आहे. ड्रोन नियम २०२१ मधले हिरवा, पिवळा, लाल हे झोन सगळ्याच ड्रोनना लागू आहेत. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी, लाल झोनमध्ये केंद्र सरकारची. दाबोळीच्या तळालगत, म्हणजे संग्रहालयापाशी, ड्रोन पिशवीतूनही नेऊ नका. इतरत्र डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा त्याच दिवशी पाहा. मुंबई पोलीसही वेळोवेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ड्रोनबंदीचे आदेश काढतात, ते या नकाशावर शोधू नका. नियमभंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

परदेशातून येणारे

ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी पत्रकारिता, संशोधन आणि संरक्षित किंवा निषिद्ध क्षेत्रात जाणे यासाठी वेगळी विशेष परवानगी लागते. मार्च २०२१ च्या अधिसूचनेत ते स्पष्ट आहे. सुट्टीत संग्रहालय पाहून फोटो काढायला अडचण नाही, पण नियतकालिकासाठी काम करत असाल तर आधी एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे) अर्ज करा. ट्रेकिंगच्या सवयीने बॅगेत राहिलेला उपग्रह संदेशक किंवा सॅटेलाइट फोन घरीच ठेवा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो भारतात आणता येत नाही आणि दाबोळी विमानतळावर यावरून परदेशी पाहुण्यांना अटक झालेली आहे.

परवानगीच्या पत्रात ‘छायाचित्रांची प्रत सादर करावी’ अशी अट असेल तर मूळ रॉ फाइल देऊ नका. तारखेसह जेपेग द्या आणि पोच घ्या. इंटरनेटवर टाकण्याआधी फाइलमधले जीपीएस स्थान काढून टाका, आणि क्षितिजावर काय आले आहे ते शंभर टक्के मोठे करून तपासा. छोट्या पडद्यावर ठिपका वाटलेले बऱ्याचदा रडारचे तबक निघते.