अर्धा इंची पाइपात अर्धा इंच कुठेच नसतो

गॅस लाइनच्या अर्धा इंची लोखंडी पाइपाला व्हर्नियर (व्यास अचूक मोजायची सरकती मोजपट्टी) लावून बघा. बाहेरचा व्यास भरतो २१.३ मिलिमीटर, आतला साधारण १६. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि तो ना आत सापडतो ना बाहेर.

यात कोणाची लबाडी नाही. एकोणिसाव्या शतकातले पाइप जाड भिंतीचे असत आणि तेव्हा आतलं भोक खरोखरच अर्ध्या इंचाच्या आसपास होतं. पुढे धातू सुधारला, भिंत पातळ करता आली. पण बाहेरचा व्यास बदलला असता, तर तोवर बसवलेल्या जोडांवर नवे पाइप बसलेच नसते. म्हणून बाहेरचं माप तसंच ठेवलं. भोक मोठं झालं, नाव जुनंच राहिलं.

त्यामुळे बसवलेला पाइप कोणता, हे बाहेरूनच ओळखायचं. व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी पाइपाभोवती गुंडाळून घेर मोजा. ६७ मिलिमीटर भरला तर अर्धा इंची, ८४ भरला तर पाऊण इंची, १०५ भरला तर एक इंची. मात्र हे मोजमाप साध्या पाइपावर, टोकाला कापलेल्या आट्यांवर (स्क्रूसारख्या खाचांवर) नाही.

आट्यांची भानगड वेगळी आहे. जगात दोन पद्धती चालतात. ब्रिटिश पद्धतीत आट्याचा कोन ५५ अंशांचा. त्याचं मूळ इंग्लिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडलेल्या स्क्रूच्या आट्यांत आहे. अमेरिकी पद्धतीत कोन ६० अंशांचा. एक इंची पाइपाला ब्रिटिश पद्धतीत इंचाला ११ आटे, अमेरिकीत साडेअकरा, त्यामुळे गडबड लवकर लक्षात येते. अर्धा आणि पाऊण इंचीला मात्र दोन्हीकडे १४ आटे! एकाचा पाइप दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये (आतून आटे असलेल्या जोडात) बऱ्यापैकी फिरतो, घट्टही वाटतो. पण कोन जुळत नसल्यामुळे आट्याला आटा नीट भिडत नाही आणि गॅसला वाट मिळते.

कोन जुळला तरी नुसत्या धातूवर भरवसा नको. पाइपाचे आटे निमुळते असतात, १६ मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने कमी होतो. आवळत गेलं की ते सॉकेटमध्ये पाचरीसारखे रुततात. तरी आट्याचा माथा आणि समोरच्या आट्याची खाच यांच्यात केसाएवढी फट गोल गोल फिरत थेट बाहेरपर्यंत जाते. ती भरण्यासाठी गॅससाठीचीच टेप किंवा पेस्ट लागते. आवळून झाल्यावर एल्बोचं (काटकोनी वळणाच्या जोडाचं) तोंड सरळ करायला तो थोडा उलटा फिरवण्याची सवय अनेकांना असते. तेवढ्यानेही हे सील सुटतं. जोड उघडायचा, टेप नव्याने लावायची, पुन्हा आवळायचं.

पाइपाची भिंत किती जाड, हेही आटेच ठरवतात. अर्धा इंची पाइपावर ब्रिटिश आटा १.१६ मिलिमीटर खोल जातो. भिंत २.६ मिलिमीटरची असेल तर खाचेखाली सव्वाएक मिलिमीटर धातू उरतो. २ मिलिमीटरची असेल तर पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. हलका पाइप सगळ्यात आधी तुटतो तो आट्यातच.

आता मुख्य प्रश्न, अर्धा घ्यायचा की पाऊण? शेगडी साधारण १० किलोवॅटची आणि गॅस गीझर २० किलोवॅटचा धरू. एक घनमीटर नैसर्गिक वायूतून सुमारे साडेदहा किलोवॅट-तास उष्णता मिळते. म्हणजे दोन्ही एकदम चालू असताना तासाला जवळपास ३ घनमीटर वायू हवा. घरातल्या लाइनमध्ये वातावरणापेक्षा जेमतेम २० मिलिबार जास्त दाब असतो, त्यामुळे वाटेत फार दाब गमावून चालत नाही. दाबाची घट सव्वा मिलिबारच्या आत ठेवायची, तर १० मीटर लांबीच्या अर्धा इंची पाइपातून तासाला अडीच घनमीटरच्या आसपास वायू जातो. पाऊण इंचीतून पाचाच्या वर. आतला व्यास फक्त एकतृतीयांशाने वाढला, तरी वहनक्षमता दुप्पट झाली, कारण ती व्यासाच्या अडीचाव्या घाताने वाढते. उलट लांबी दुप्पट केली की ती सत्तर टक्क्यांवर येते. अर्धा इंची लाइनमधला प्रत्येक एल्बो वर आणखी अर्धा मीटर पाइप धरायला लावतो. माझं मत विचाराल तर मुख्य लाइन पाऊण इंचीच घ्यावी. पुढे एखादं उपकरण वाढलं तर भिंत फोडावी लागत नाही.

कापायची लांबी काढताना टेप मापाने दोन एल्बोंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या. समजा ते १००० मिलिमीटर आलं. अर्धा इंची एल्बोचा मध्य त्याच्या तोंडापासून साधारण २८ मिलिमीटरवर असतो आणि पाइप आत १३ मिलिमीटर शिरतो. म्हणजे प्रत्येक टोकाला १५ वजा, पाइप ९७० चा. कापल्यावर आतल्या कडेला राहिलेली धातूची कोर रीमरने (भोकाची कड साफ करायच्या हत्याराने) काढायलाच हवी, नाहीतर विकत घेतलेलं भोक तिथेच लहान होतं.

प्रत्यक्ष जोडणी आणि चाचणी परवानाधारक माणसानेच करायची. तो लाइन बंद करून आत हवा भरतो आणि दाबमापक लावून थोडा वेळ थांबतो. ते थांबणं उगाच नसतं, तेवढ्यात आतल्या हवेचं तापमान स्थिरावतं. बंद पाइपातली हवा एका अंशाने तापली की दाब साडेतीन मिलिबारने चढतो. चाचणी चालू असताना पाइपावर ऊन आलं, तर बारीक गळती असूनही काटा हलत नाही.