ॲन्झायटीवरचे उपचार (कोल्हापूर)

ॲन्झायटी डिसऑर्डर म्हणजे नुसतं टेन्शन नव्हे, कारणाच्या मानानं भीती फार मोठी असते, ती महिनोन्महिने हटत नाही आणि झोप, काम, बाहेर पडणं सगळंच अडतं. उपचार मुख्यतः दोन, थेरपी आणि गोळ्या, एकेकटे किंवा मिळून.

कोल्हापुरात असा पेशंट बऱ्याचदा आधी हार्टच्या डॉक्टरकडं पोचतो. छातीत धडधड, हाताला मुंग्या, दरदरून घाम, मग ईसीजी नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात 'काय झालं नाही तुला, उगं मनाला लावून घेतोयस'. ईसीजी, थायरॉईड बघून घेणं बरोबरच, पण रिपोर्ट चांगला म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

थेरपीत सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) सगळ्यात तपासलेली, साधारण १२ ते १६ सेशन. त्यातला कस लागणारा भाग म्हणजे जे टाळतोय तेच पायरीपायरीनं करणं. गर्दीची भीती असेल तर आधी दुपारी भवानी मंडपात थांबायचं, मग संध्याकाळी महाद्वार रोड चालायचा, शेवटी नवरात्रात अंबाबाईची रांग. भीती उतरायच्या आत पळ काढायचा नाही, नाहीतर 'पळालो म्हणून वाचलो' हेच डोक्यात पक्कं बसतं. 'लागली तर' म्हणून खिशात ठेवलेली गोळीसुद्धा हळूहळू घरी ठेवायची असते, आणि हेच लोकांना सगळ्यात जड जातं.

रोजच्या गोळ्या म्हणजे एसिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे. यांचा असर यायला २ ते ६ आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ होते, कधी बेचैनी उलट वाढते, आणि नेमकं तिथंच बरेच जण सोडून देतात! बरं वाटल्यावरही ६ ते १२ महिने चालू ठेवून डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करतात. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम लगेच शांत करतात म्हणून लाडक्या, पण त्यांची सवय लागते, रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केल्या तर फिटसुद्धा येऊ शकते, त्यामुळं थोड्या दिवसांपुरत्याच. दारूबरोबर तर अजिबात नकोत, श्वास मंदावतो. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणणं हा उपचार नव्हे.

रंकाळ्याला रोजचं फिरणं, चहा कमी करणं यानं मदत होते, पण जोडीला म्हणून.

सरकारी सोय सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) हॉस्पिटलमध्ये आहे. ओपीडीत ओळखीचं कोण भेटेल अशी धास्ती असेल तर टेली मानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी फोन हेल्पलाइन, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, २४ तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.