ग्रॉस अल्फा म्हणजे बेरीज नव्हे

एकाच पाण्याचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले जातात. एकावर लिहिलेलं असतं, ग्रॉस अल्फा, म्हणजे किरणोत्सारी अणूंतून सुटणाऱ्या अल्फा कणांची सरसकट मोजणी, लिटरमागे ०.४० बेकरेल (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन). दुसऱ्यावर अल्फा स्पेक्ट्रोमेट्रीचे आकडे असतात: युरेनियम-२३८ ०.१०, युरेनियम-२३४ ०.१२. मग हटकून प्रश्न येतो की बाकीचे ०.१८ गेले कुठे? पाठोपाठ निष्कर्षही तयारच असतो, दोनपैकी एक लॅब चुकली. बहुतेक वेळा दोन्ही लॅबचं काम चोख असतं आणि घोळ त्या वजाबाकीतच असतो. हा प्रश्न इतक्यांदा आणि इतक्या ठामपणे विचारला जातो की आता एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं.

ग्रॉस अल्फा बहुतेकांना माहीत असते, त्यामुळे ती उरकून घेतो. पाणी आटवायचं, उरलेला क्षार धातूच्या छोट्या थाळीवर, म्हणजे प्लांचेटवर, पसरायचा, झिंक सल्फाइडच्या किंवा गॅस प्रपोर्शनल काउंटरखाली ठेवायचा आणि काउंट घ्यायचे. अल्फा कण कुणाचा, किती ऊर्जेचा, याच्याशी काउंटरला देणंघेणं नाही. सब घोडे बारा टक्के. अल्फा स्पेक्ट्रोमेट्रीत सिलिकॉन डिटेक्टर असतो, नमुना निर्वात कक्षात असतो आणि येणाऱ्या प्रत्येक कणाची ऊर्जा नोंदली जाते. पहिली पद्धत स्वस्त आणि झटपट, दुसरी महाग आणि वेळखाऊ. हे फरक कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळतील, त्यावर शाई घालवत नाही.

खरी गल्लत होते ती 'ग्रॉस' या शब्दामुळे मनात बसलेल्या एका समजुतीने: नमुन्यातल्या सगळ्या अल्फा उत्सर्जकांचे बेकरेल एकत्र केले की ग्रॉस अल्फा मिळते. तसं होत नाही, आणि का होत नाही हे थाळीजवळ जाऊन पाहिल्याशिवाय पटत नाही.

काउंटर देतो ते काउंट. त्यांचे बेकरेल आपण करतो, आणि त्यासाठी कार्यक्षमता लागते, म्हणजे दर शंभर विघटनांमागे काउंटरला किती दिसतात ते. ती काढायला एखादा ओळखीचा स्रोत घेतात: अमेरिशियम-२४१, थोरियम-२३० किंवा नैसर्गिक युरेनियम. अमेरिशियमचे अल्फा साधारण ५.५ एमईव्हीचे (कणाच्या ऊर्जेचं एकक; एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही), युरेनियम-२३८ चे ४.२ एमईव्हीचे. एकाच थाळीला अमेरिशियमची कार्यक्षमता लावली तर एक उत्तर येतं, युरेनियमची लावली तर दुसरं, जास्त मोठं. म्हणजे कॅलिब्रेशन अमेरिशियमने केलं असेल, तर रिपोर्टवरच्या ०.४० चा पूर्ण अर्थ असा: थाळीवर सगळं अमेरिशियमच असतं, तर एवढे काउंट यायला लिटरमागे ०.४० बेकरेल लागले असते. कॅलिब्रेशन कशाने केलं हे ज्या रिपोर्टवर छापलेलं नाही तो मी अर्धवट समजतो, मग आकड्यापुढे कितीही दशांश असोत.

आता थराची जाडी. क्षाराच्या थरात अल्फाचा पल्ला चौरस सेंटिमीटरमागे पाच-सहा मिलिग्रॅमच्या आसपास (इथे जाडी वजनात मोजतात). पाण्यात क्षार थोडे जास्त असले की थाळीवर तेवढा थर सहज साचतो. ढोबळ हिशेब करून पाहा. थराची जाडी युरेनियम-२३८ च्या अल्फाच्या पल्ल्याइतकी असेल, तर वरच्या दिशेने निघालेल्या कणांपैकी निम्मेच बाहेर पडतात. बाकीचे तिरके जाऊन थरातच अडकतात. त्याच थरातल्या पोलोनियम-२१४ चे कण ७.७ एमईव्हीचे. हवेत युरेनियमच्या कणाचा पल्ला साधारण २.७ सेंटिमीटर, पोलोनियमच्या कणाचा ६.९. हेच गुणोत्तर थराला लावलं तर पोलोनियमचे ८० टक्के बाहेर येतात. तोच थर, तोच काउंटर, आणि एका बेकरेलला ५० तर दुसऱ्याला ८० असं माप. ज्या मापाचं वजन दर वेळी बदलतं त्याची बेरीज कशी करणार?

तिसरी गोष्ट वेळेची, आणि हीच सर्वांत जास्त विसरली जाते. थाळीवर निव्वळ रेडियम-२२६ आहे असं धरा. त्याच्यापासून रेडॉन-२२२ तयार होतो, अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) ३.८ दिवस, पुढे पोलोनियम-२१८ आणि पोलोनियम-२१४, दोन्ही अल्फा सोडणारे. रेडॉन थरातून निसटला नाही तर तीन-चार आठवड्यांत अल्फा काउंट जवळजवळ चौपट होतात, आणि तेवढ्या काळात रेडियम तर तसूभरही वाढलेलं नसतं. रेडियम-२२४ चं उलट. अर्धायुष्य ३.६ दिवस, त्यामुळे नमुना दोन आठवडे पडून राहिला तर मूळच्या रेडियमपैकी जेमतेम सात टक्के उरतं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने पिण्याच्या पाण्यासाठी ४८ तासांच्या आत करायची ग्रॉस अल्फा चाचणी ठरवली ती याचसाठी. नमुना कधी घेतला, थाळी कधी केली आणि मोजली कधी, या तीन तारखा नसतील तर दोन ग्रॉस अल्फा आकड्यांची एकमेकांशीसुद्धा तुलना करू नये. स्पेक्ट्रोमेट्रीशी तर दूरच.

शिवाय पोलोनियम उडून जातं. थाळी बर्नरवर लाल होईपर्यंत तापवायची पद्धत काही ठिकाणी आहे. तिथे पोलोनियम-२१० मोजणीत धरलेलंच नाही असं समजावं. अमेरिकी नियम तर ग्रॉस अल्फाची मर्यादा लिटरमागे १५ पिकोक्युरी (किरणोत्साराचं जुनं एकक) ठेवताना रेडॉन आणि युरेनियम व्याख्येतूनच वगळतो. जे कायद्याच्या एका ओळीने कमी-जास्त होतं, त्याला 'एकूण' म्हणणं मला तरी जड जातं.

आता याचा परिणाम किती मोठा, ते पाहा. तीन पाणी घेऊ, तिन्हींत खरोखरच लिटरमागे ०.४ बेकरेल अल्फा आहे. पहिल्यात युरेनियम-२३८ आणि २३४ निम्मे-निम्मे, दुसऱ्यात सगळं रेडियम-२२६, तिसऱ्यात सगळं पोलोनियम-२१०. प्रौढ माणूस रोज दोन लिटर पाणी पितो असं धरलं तर वर्षाचा डोस पहिल्या पाण्याने ०.०१४ मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या किरणोत्साराच्या परिणामाचं एकक), दुसऱ्याने ०.०८, तिसऱ्याने ०.३५. जागतिक आरोग्य संघटनेचा वर्षाचा निकष ०.१ मिलिसिव्हर्टचा, आणि तिचीच ग्रॉस अल्फाची चाळणी-पातळी लिटरमागे ०.५ बेकरेल. तिन्ही पाणी चाळणीतून सुखरूप पार. पोलोनियमचं पाणी निकषाच्या साडेतीनपट. त्याच संघटनेची पोलोनियम-२१० साठीची मार्गदर्शक पातळी लिटरमागे ०.१ बेकरेल आहे, पण ती तपासायची तर आधी पोलोनियम वेगळं मोजायला हवं. पहिल्या पाण्यात किरणोत्साराची चिंता जवळपास नाही. तिथे युरेनियम आहे लिटरमागे सुमारे १६ मायक्रोग्रॅम, आणि प्रश्न मूत्रपिंडावरच्या रासायनिक परिणामाचा आहे. तो बेकरेलमध्ये विचारूच नये.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग सरळ स्पेक्ट्रोमेट्रीच करू. हे म्हणणारे बहुधा गॅमावाले, म्हणजे गॅमा किरण मोजणारे, असतात. माती डब्यात भरली, जर्मेनियम डिटेक्टरवर ठेवली, सकाळी स्पेक्ट्रम हजर, ही त्यांची सवय. अल्फाचा कण मातीत केसाच्या जाडीइतकाही जात नाही. पातळ नमुन्यात एकेका ऊर्जेचं टोकदार शिखर दिसतं; जाड नमुना कक्षात ठेवला तर त्या शिखरांचं पठार होतं: प्रत्येक कण वाटेत वेगवेगळी ऊर्जा गमावून येतो आणि डिटेक्टर ती इमानदारीने नोंदवत बसतो. चांगला सिलिकॉन डिटेक्टर २० केईव्हीच्या आसपास विभेदन देतो, म्हणजे एवढ्या अंतरावरची शिखरं वेगळी दाखवतो, पण ते मिळतं फक्त थर जवळजवळ नसल्यासारखा असेल तेव्हा. म्हणून स्टेनलेस स्टीलच्या चकतीवर विद्युत्-निक्षेपण करायचं, म्हणजे विजेच्या प्रवाहाने पातळ थर बसवायचा, नाहीतर निओडिमियम फ्लोराइडबरोबर अगदी थोडा साका फिल्टरवर बसवायचा. पोलोनियम तेवढं गुणी, चांदीच्या चकतीवर गरम आम्लातून आपोआप बसतं.

आणि २० केईव्ही पुरतातच असंही नाही. रेडियम-२२६ चं मुख्य शिखर ४.७८४ एमईव्हीला, युरेनियम-२३४ चं ४.७७५ ला, फरक ९ केईव्ही. अमेरिशियम-२४१ आणि प्लुटोनियम-२३८ मध्ये १३ केईव्ही. प्लुटोनियम-२३९ आणि २४० तर ११ केईव्हीवर, आणि मूलद्रव्य एकच असल्याने रसायनशास्त्रही हात टेकतं. म्हणून रिपोर्टवर '२३९+२४०' असं एकत्र छापतात आणि त्यांचं गुणोत्तर हवं असेल तर मास स्पेक्ट्रोमीटरकडे जावं लागतं. ही गर्दी योगायोगाने झालेली नाही. गायगर आणि नटॉल यांनी १९११ मध्ये दाखवलं की अल्फाची ऊर्जा वाढते तसं अर्धायुष्य झपाट्याने घटतं; १९२८ मध्ये गॅमोव्हने त्याचं क्वांटम कारण दिलं. थोरियम-२३२ चे कण ४ एमईव्हीचे, अर्धायुष्य १४०० कोटी वर्षं. पोलोनियम-२१२ चे ८.८ एमईव्हीचे, अर्धायुष्य ०.३ मायक्रोसेकंद. मग जे टिकाऊ आहेत, म्हणजेच निसर्गात आणि कचऱ्यात आपल्याला मोजायला सापडतात, ते बहुतेक सगळे ४ ते ५.५ एमईव्हीच्या चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने बसणारच.

त्यामुळे माझ्या मते अल्फा स्पेक्ट्रोमेट्रीत वेगळं करण्याचं निम्म्याहून जास्त काम डिटेक्टरच्या आधी, रेझिनच्या (एकेक मूलद्रव्य वेगळं धरून ठेवणाऱ्या मण्यांच्या) स्तंभात होतं. युरेनियम एका अंशात, थोरियम दुसऱ्यात, अमेरिशियम तिसऱ्यात. यात किती माल वाया गेला हे कळावं म्हणून अगदी सुरुवातीला ट्रेसर, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा दुसरा एखादा समस्थानिक, मोजून घालतात: युरेनियमसाठी युरेनियम-२३२, प्लुटोनियमसाठी प्लुटोनियम-२४२, पोलोनियमसाठी पोलोनियम-२०९. उत्तर निघतं ते दोन शिखरांच्या गुणोत्तरातून, आणि त्यात डिटेक्टरची कार्यक्षमता छेदून जाते. ग्रॉस अल्फाचा सगळा डोलारा ज्या कार्यक्षमतेवर उभा, तिची इथे गरजच उरत नाही. दोन पद्धतींमधला कुठला फरक लक्षात ठेवायचा असं कुणी विचारलं तर मी हा सांगेन, ऊर्जेचा नाही.

ट्रेसरवर आंधळा विश्वास मात्र नको. युरेनियम-२३२ चं शिखर ५.३२० एमईव्हीला आणि पोलोनियम-२१० चं ५.३०४ ला. पोलोनियम नीट काढलं नसेल तर ते ट्रेसरच्या शिखरात मिसळतं, ट्रेसर जास्त परत आला असं दिसतं, आणि नमुन्यातलं युरेनियम खऱ्यापेक्षा कमी निघतं. रिकव्हरी, म्हणजे परत मिळालेला ट्रेसर, १०४ टक्के आली म्हणून खूश होणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

सुरुवातीचे ते ०.१८ बेकरेल आता सापडतील. युरेनियमच्या चकतीवर रेडियम दिसणार नाही, कारण ते मुद्दाम बाजूला काढलेलं असतं. स्पेक्ट्रोमेट्री विचारलं तेवढंच सांगते. रेडियम, पोलोनियम, थोरियम मागितलंच नसेल तर ते शून्य आहे असं रिपोर्ट कुठेही म्हणत नाही. तसं वाचणारा वाचतो.

मग ग्रॉस अल्फा टाकाऊ का? मुळीच नाही. शंभर विहिरींतून कुठल्या दहांकडे नीट पाहायचं हे ठरवायला, हवेचा फिल्टर किंवा टेबलावरून पुसलेला कागद झटकन तपासायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. फक्त चाळणीला तराजू समजू नये. ती कमी आली आणि परिसरात पोलोनियमची शक्यता असली तर पोलोनियम वेगळं मोजून घ्या.

हीच गल्लत आता औषधांच्या बाजूलाही शिरली आहे. कर्करोगावर प्रयोगात असलेलं अ‍ॅक्टिनियम-२२५ घ्या, अर्धायुष्य ९.९ दिवस. त्याच्यामागे फ्रान्सियम-२२१, अ‍ॅस्टटिन-२१७ आणि बिस्मथ-२१३ मधून येणारं पोलोनियम-२१३ अशी रांग, म्हणजे समतोलात (रांगेतली सगळी जितकी तयार होतात तितकीच विघटित होऊ लागली की) एका विघटनामागे चार अल्फा. नुकतंच शुद्ध केलेलं अ‍ॅक्टिनियम थाळीवर मोजलं तर अर्ध्या तासात काउंट तिपटीच्या घरात जातात आणि, बिस्मथचं अर्धायुष्य ४६ मिनिटं असल्याने, काही तासांत चौपट होतात. अ‍ॅक्टिनियम मात्र या काळात थोडं कमीच झालेलं असतं. कधी मोजलं हे न लिहिता 'अल्फा इतके' असं सांगण्याला इथे काहीच अर्थ नाही. गंमत म्हणजे यांची शिखरं ५.८, ६.३, ७.१ आणि ८.४ एमईव्हीला, ऐसपैस. पातळ चकती असेल तर रसायनाशिवाय ओळखता येतात. त्रास वेगळाच असतो: अल्फा सुटताना उरलेल्या केंद्रकाला सुमारे १०० केईव्हीचा धक्का बसतो आणि निर्वातात ते उडून थेट डिटेक्टरवर चिकटतं. अ‍ॅक्टिनियमची ही पिल्लं काही तासांत संपतात. युरेनियम-२३२ च्या ट्रेसरपासून उडालेलं थोरियम-२२८ मात्र १.९ वर्षांच्या अर्धायुष्याने तिथेच मुक्काम ठोकतं, म्हणून कक्षात थोडी हवा राहू द्यावी, आणि ट्रेसर गरजेपेक्षा जास्त घालू नये.