ताटासमोर कोण बसणार?

ॲनोरेक्सिया, म्हणजे अन्न टाळून स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार, झालेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आईवडील या विषयातल्या जाणत्या डॉक्टरांकडे गेले, तर आज बहुधा त्यांनाच पहिलं काम सांगितलं जातं. तिचं ताट तुम्ही वाढायचं, समोर बसायचं आणि ते रिकामं होईपर्यंत उठायचं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये याच आईवडिलांना सांगितलं गेलं असतं की मुलीला इथे ठेवा आणि तुम्ही गावची गाडी पकडा. दोन्ही सल्ले नावाजलेल्या डॉक्टरांचे, आणि दोन्हींच्या मागे मुली बऱ्या झाल्याचा अनुभव. मधल्या शंभर वर्षांत काय झालं ते बघण्यासारखं आहे.

एक आधीच सांगते. रुग्णांची वजनं आणि उष्मांकांचे आकडे मी मुद्दाम गाळले आहेत. हा आजार असलेल्या माणसाला असा आकडा दिसला की त्याच्याशी स्पर्धा सुरू होते.

सुरुवात बरीच जुनी आहे. लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या वैद्याने १६८९ साली क्षयावर ग्रंथ लिहिला. त्यात ताप नाही, खोकला नाही, तरी माणूस झिजत चाललाय अशा दोन रुग्णांच्या हकिकती आहेत. एक अठराव्या वर्षातली मुलगी, रात्रंदिवस पुस्तकात डोकं घालून बसणारी. मॉर्टनला ती कातडी पांघरलेल्या सांगाड्यासारखी दिसली. थोडे दिवस औषधं घेऊन ती कंटाळली, आता सगळं निसर्गावर सोडा म्हणाली आणि तीन महिन्यांत गेली. दुसरा रुग्ण एका धर्मोपदेशकाचा सोळा वर्षांचा मुलगा. त्याला मॉर्टनने अभ्यास सोडायला लावलं, मोकळ्या हवेत धाडलं, घोड्यावर बसवलं, दूध प्यायला लावलं. तो पुष्कळ सावरला. ‘हे पोरींचं खूळ’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, पहिल्या दोन रुग्णांतला एक मुलगा होता.

मग जवळजवळ दोनशे वर्षं सामसूम. १८७३ मध्ये मात्र एकाच वर्षी दोन शहरांत दोन डॉक्टर याच आजारावर बोलले, एप्रिलमध्ये पॅरिसचे शार्ल लासेग आणि ऑक्टोबरमध्ये लंडनचे विल्यम गल. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचं. नाव जगभर चाललं, पण ते चुकीचं आहे. ॲनोरेक्सिया म्हणजे भूक नसणं, आपण म्हणतो तसं ‘अन्नावरची वासना उडणं’. या आजारात वासना उडालेली नसते. मन चोवीस तास अन्नाभोवतीच घुटमळत असतं, फक्त घास तोंडापर्यंत जात नाही.

गल यांचा उपचार रोखठोक होता. ठरावीक वेळाने खायला घालायचं, रुग्णाच्या इच्छेला विचारायचं नाही, आणि भोवती माणसं अशी ठेवायची की ज्यांचा तिच्यावर वचक असेल. नातेवाईक आणि मित्रमंडळी ही सहसा सगळ्यात वाईट शुश्रूषा करतात, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्यांच्या लेखात रुग्णांची आजारातली आणि बरं झाल्यानंतरची चित्रं शेजारी शेजारी छापली आहेत. ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंचं वेड समाजमाध्यमांनी आणलं असं आपल्याला वाटतं, पण ते असं दीडशे वर्षांचं जुनं आहे.

लासेग यांचं लक्ष मात्र जेवणाच्या टेबलाकडे होतं, आणि ते वाचताना आपल्याच घरातलं वर्णन चाललंय असं वाटत राहतं. मुलगी खात नाही म्हटल्यावर घरचे नवनवे पदार्थ करून पुढे ठेवतात. ती तुच्छतेने एखादा जिभेवर टेकवते आणि आपलं कर्तव्य झालं असं मानून मोकळी होते. घरच्यांच्या भात्यात बाण दोनच असतात, विनवणी आणि धमकी, आणि दोन्ही पार बोथट होईपर्यंत वापरले जातात. त्यांचं एक निरीक्षण तर आपल्याकडच्या प्रत्येक पंगतीत लिहून लावावं असं आहे: आग्रहाचा अतिरेक झाला की विरोधाचाही अतिरेक होतो. आपण आग्रहाला संस्कार मानतो. पाहुणा नको नको म्हणत असताना पानात पडलेली जिलबी ही आपल्याकडे मायेची खूण. ज्या मुलीला प्रत्येक घासाची धास्ती आहे, तिला तीच जिलबी हल्ल्यासारखी वाटते.

या निरीक्षणातून पुढे निघालेला निष्कर्ष सरळ होता. टेबलावर झगडा होतोय ना, मग टेबलावरची माणसंच हलवा. १८८०च्या दशकात पॅरिसचे मज्जारोगतज्ज्ञ झाँ-मार्टिन शार्को यांनी ते करून दाखवलं. अँगुलेम गावाहून आणलेल्या एका मुलीच्या आईवडिलांना त्यांनी पॅरिस सोडायला लावलं. मुलगी थोड्याच दिवसांत खायला लागली. आईबाबा इथे होते तोवर माझा आजार गंभीर आहे असं मला वाटलंच नाही, असं तिने नंतर सांगितलं. ते गेले, आता सूत्रं डॉक्टरांच्या हातात आहेत हे तिला कळलं, आणि भीतीने का होईना ती खाऊ लागली. या एका यशाची सावली पुढे अनेक दशकं पडली. घरच्यांपासून तोडणं हाच उपचार होऊन बसला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक आडवळण आलं. हॅम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांनी १९१४ मध्ये मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी नष्ट झाल्यामुळे खंगून गेलेल्या बाईची नोंद केली. त्यानंतर बरीच वर्षं ॲनोरेक्सियाच्या मुलींनाही ग्रंथींचे अर्क दिले जात होते. त्यातून हाती काही लागलं नाही.

खरं वळण मिळालं ते या आजाराशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत. महायुद्ध संपत आलं होतं आणि युरोप उपाशी होता. युद्धानंतर या माणसांना खायला कसं घालायचं, हे ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाला शोधायचं होतं. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून सैन्यात जायला नकार दिलेले ३६ तरुण त्याला मिळाले, धडधाकट आणि स्वखुशीने आलेले. नोव्हेंबर १९४४ मध्ये प्रयोग सुरू झाला. पहिले १२ आठवडे नेहमीचं जेवण, मग २४ आठवडे अर्धपोटी, आणि नंतर हळूहळू भरपाई. अर्धपोटी काळात दिवसाला दोन जेवणं होती. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असं साधं अन्न, आणि वर आठवड्याला २२ मैल चालणं. सहा महिन्यांत वजन सुमारे चौथाईने उतरलं.

शरीराचं हे असं होणार हे अपेक्षितच होतं. मनाचं जे झालं त्याची कोणी कल्पना केली नव्हती. आयुष्यात कधी चूल न पेटवलेली ही मुलं पाककृतींची पुस्तकं जमवून रात्री वाचत पडायची. जेवायला बसली की तासन् तास. घास चिवडायचे, बटाट्यात पाणी घालून लांबवायचे, शेवटी ताट चाटून पुसायचे. दिवसभर च्युइंगम. भर उन्हाळ्यात थंडी वाजायची. हसणं-खिदळणं थांबलं, एकमेकांचा राग राग सुरू झाला. एकाने लाकडं फोडताना स्वतःची तीन बोटं तोडली, आणि ती मुद्दाम तोडली की चुकून हे त्याला स्वतःलाही नंतर नीट सांगता आलं नाही. जेवण पुन्हा सुरू झाल्यावरही सुटका नव्हती. काही जण पोट फुटेस्तोवर खायचे आणि तरी भुकेलेलेच उठायचे. ज्यांना कधी आरशाशी देणंघेणं नव्हतं त्यांना पोटावर चढलेल्या चरबीची लाज वाटू लागली. हे सगळं निवळायला कित्येकांना अनेक महिने लागले.

कीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये याचे दोन जाडजूड खंड छापले. ॲनोरेक्सियावर काम करणाऱ्यांनी पुढे ते वाचले, तेव्हा त्यांना आपलेच रुग्ण त्यात दिसले. चिवडणं, लपवणं, दुसऱ्यांसाठी ढीगभर रांधून स्वतः न खाणं, चिडचिड, एकलकोंडेपणा. ज्याला मुलीचा स्वभाव किंवा घराचा दोष समजत होते, त्यातलं पुष्कळसं निव्वळ उपासमारीचं काम होतं. म्हणजे आधी मनातल्या गाठी सोडवू आणि मग ती आपोआप जेवेल, हा क्रमच उलटा होता. उपाशी मेंदूशी वाद घालण्यात अर्थ नाही. आधी जेवण, बोलणं नंतर.

तेही जेवण जपून. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य बर्गन-बेल्सन छळछावणीत शिरलं. तिथल्या जिवंत सापळ्यांना द्यायला त्यांच्याकडे एक तयार पाककृती होती, ‘बंगाल फॅमिन मिक्श्चर’. दुधाची भुकटी, पीठ, साखर, मीठ आणि पाणी. दोनच वर्षांपूर्वी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, त्यातून शिकलेली ही कृती. पूर्व युरोपातल्या जिभांना ती भयंकर गोड लागली, अनेकांना खालीच उतरेना. उपाशी माणसापुढे वाटी ठेवतानाही त्याची जीभ कुठली आहे हे बघावं लागतं. त्याच सुमाराला फिलिपिन्समध्ये शरण आलेले काही उपाशी जपानी सैनिक पोटभर जेवायला लागल्यावर दगावले. त्याचं कारण आज समजलेलं आहे. उपाशी शरीरात एकदम पिष्टमय अन्न गेलं की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत खेचलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून फार खंगलेल्या रुग्णाच्या जेवणाची सुरुवात रक्ताच्या तपासण्या करत, डॉक्टरांच्या नजरेखाली होते. घरच्या घरी ‘आता बघ कशी खाऊ घालते’ असा हट्ट तेव्हा जिवावर बेतू शकतो.

हे कळूनही आयांची दोषातून सुटका मात्र लगेच झाली नाही. ह्यूस्टनच्या मानसोपचारतज्ज्ञ हिल्डे ब्रूख यांनी रुग्णांचं म्हणणं जितक्या कान देऊन ऐकलं तितकं आधी कोणी ऐकलं नव्हतं. आपल्या हातात काहीच नाही, निदान हे ताट तरी आहे, ही भावना त्यांनी शब्दांत पकडली. पण त्यांच्या लिखाणात बोट बहुतेक वेळा आईकडेच वळतं. फिलाडेल्फियाच्या साल्वादोर मिनुचिन यांनी सगळ्या कुटुंबाला क्लिनिकमध्ये जेवायला बसवलं ही हिंमतच, तरीही घराच्या घडणीतच आजार आहे हे त्यांचं गृहीतक होतं.

तो धागा बदलला लंडनच्या मॉड्स्ली या मनोरुग्णालयात. इथे काम केलेल्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये ३० रुग्णांवरून ‘बुलिमिया नर्व्होसा’ला नाव दिलं, म्हणजे भसाभसा खाणं आणि मग ते उलटी वगैरे करून काढून टाकणं. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी त्यावर जो उपचार बसवला त्याचा पाया अगदी आजीच्या तोंडी शोभेल असा आहे: भूक असो-नसो, ठरल्या वेळी खायचं आणि फार वेळ पोट रिकामं ठेवायचं नाही. मॉड्स्लीतल्या परिचारिका वॉर्डात मुलींच्या शेजारी बसून त्यांना जेवू घालत, मुली भरून येत, घरी जात आणि पुन्हा खंगत. तिथल्या काही जणांना साधा प्रश्न पडला. जे नर्सला जमतं ते आईबापांना शिकवलं तर? १९८७ मध्ये रसेल, झ्मुकलर, डेअर आणि आयस्लर यांनी ८० रुग्णांचे निष्कर्ष छापले. आजार लहान वयात सुरू झालेल्या आणि फार जुना न झालेल्या मुलींना कुटुंबासह केलेल्या उपचाराचा स्पष्ट फायदा दिसला. पुढे अमेरिकेत त्याची रीतसर पद्धत बसली. २०१० मध्ये १२१ किशोरवयीनांवरच्या चाचणीत उपचारानंतर वर्षभराने कुटुंबासह उपचार घेतलेल्या गटात पूर्ण बरे असलेले जवळपास निम्मे होते, एकट्याने समुपदेशन घेतलेल्या गटात पावभागाहून थोडे कमी. निम्मे म्हणजे सगळे नव्हेत, हेही खरं. मोठ्या वयाच्या रुग्णांना ही पद्धत तशीच लागू पडत नाही, आणि ज्या घरात मारझोड आहे तिथे ताट त्या हातात देणं धोक्याचं.

आपल्याकडे हा आजार ओळखूच येत नाही, कारण डॉक्टर पुस्तकातलं वाक्य शोधत बसतात: ‘मला जाड व्हायची भीती वाटते.’ १९९५ मध्ये दिल्लीच्या खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी पाच तरुणींची नोंद केली. खाणं नाही, उलट्या, वजन खाली, पाळी बंद, पण शरीराविषयीचा तो ठरावीक विपर्यस्त समज मात्र दिसेना. हाँगकाँगच्या सिंग ली यांच्या ७० रुग्णांतही निम्म्याहून जास्त जणांना जाडीची धास्ती नव्हती. त्या म्हणत, पोट फुगतं, भूक नाही. आपल्या घरात तर याहून सोयीची ढाल आहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. ‘आज माझा उपास’ म्हणणाऱ्या मुलीचं कौतुक होतं, प्रश्न विचारला जात नाही.

ओळखीतल्या एका घरात मी हे जवळून पाहिलं. आधी एका डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी ‘लग्न झालं की खाईल’ म्हणून सांगितलं. योग्य माणूस सापडेपर्यंत वर्ष गेलं. मग सुरू झाला तो ताटाचा दिनक्रम. वरणभात, वर तूप, भाजी, पोळी, ताक. आई सकाळी, बाबा रात्री समोर. पहिल्या आठवड्यात एकेका जेवणाला सव्वा तास. ती तूप बोटाने ताटाच्या कडेला सारायची आणि आई काही न बोलता तेवढंच तूप पुन्हा भातावर घालायची. आरडाओरडा झाला, ताट भिरकावलं गेलं, नवं ताट आलं. आईने एकच वाक्य पाठ केलं होतं, ‘हे आजार बोलतोय, तू नाहीस, आणि आपल्याला जेवायचंय.’ जाड, बारीक, गुटगुटीत हे शब्द घरात बंद. मामा-मावशांनाही फोन करून सांगितलं गेलं की आल्या आल्या ‘काय गं, सुकलीस’ म्हणायचं नाही.

वजन भरत आल्यावर निर्णय थोडे थोडे तिच्याकडे परत द्यायचे, हा या पद्धतीचा पुढचा भाग. आधी संध्याकाळचं खाणं, मग डबा. सात-आठ महिन्यांनी एका रात्री तिने स्वतः वाढून घेतलं आणि बाबा सवयीने समोर येऊन बसले. ‘तुम्ही जा, मी जेवते,’ ती म्हणाली. ते उठून गॅलरीत गेले. बऱ्याच वेळाने आत सिंकमध्ये ताट ठेवल्याचा आवाज आला. ते बघायला गेले नाहीत.