बास्क अकॉर्डियन प्राचीन नव्हे

स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरील बास्क प्रदेशातील ‘त्रिकितिशा’ हे छोटे अकॉर्डियन तेथील डोंगराळ खेड्यांत शतकानुशतके वाजत आले आहे, हा समज बराच काळ प्रचलित असला तरी तो खरा नाही. अकॉर्डियनचे पेटंटच मुळी 1829 मध्ये व्हिएन्नात सिरिल डेमियन यांनी घेतले आणि बास्क प्रदेशात हे वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचले; खंजिरी आणि चिस्तू ही बासरी तेथे त्याच्या आधीपासून होती. उलट, या नव्या वाद्यावर जोडीने होणारे नाच धर्मगुरूंना इतके खटकले की त्यांनी त्याला ‘नरकाचा भाता’ ठरवले.

त्याची गोडी मात्र वयावर अवलंबून नाही. उजव्या हाताचे एकच बटण भाता दाबताना एक आणि ओढताना दुसरा स्वर देते, त्यामुळे वादकाला सतत दिशा बदलावी लागते आणि फांदांगो किंवा अरिन-अरिन या नृत्यांच्या चालींना तो खास झटकेदार ठेका मिळतो. ऐकताना खंजिरीकडेही अवश्य लक्ष द्यावे, कारण माझ्या मते निम्मा आनंद या दोघांच्या चढाओढीत आहे. केपा हुंकेरा यांच्यासारख्या वादकांनी हेच वाद्य जगभरच्या संगीताशी जोडले.