चेन झिजते कुठे आणि तेल जातं कुठे

मोटरसायकलची चेन ढिली झाली की मेकॅनिक मागच्या चाकाचा नट सैल करतो, चाक थोडं मागं ओढतो, आणि आपण पुढं निघतो. असं चार-पाच वेळा झालं की चाक मागं सरकवायच्या ॲडजस्टरवरच्या खुणा संपतात आणि ‘चेन ताणली गेली, बदला’ असा निकाल लागतो. पण चेनच्या पोलादी पत्त्या ताणल्या जात नाहीत. लांबी वाढते ती झिजेमुळे, आणि ही झीज अशा जागी होते जिथं नजर पोचत नाही.

चेनचा एक सांधा नीट समजून घेऊ. बाहेरच्या दोन पत्त्यांना जोडणारी एक पिन असते. तिच्याभोवती एक पोकळ नळी असते, तो बुश. तो आतल्या पत्त्यांमध्ये घट्ट बसवलेला असतो. बुशवर मोकळा फिरतो तो रोलर. स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या, दातांमध्ये रोलर बसतो, तो आपल्याला दिसतो. चेन वळते तेव्हा मात्र पिन बुशच्या आत फिरते, आणि इंजिनाचा सगळा ओढ त्याच दोन पृष्ठभागांवर पडतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. तिच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर १२.७ मिलिमीटर. अशा ११८ सांध्यांत प्रत्येकी फक्त ०.१ मिलिमीटर झीज झाली, तरी चेन जवळजवळ १२ मिलिमीटरनं वाढते.

आणि हा सांधा राबतो किती, याचा हिशोब सोपा आहे. मागचं स्प्रॉकेट ४२ दातांचं आणि चाकाचा घेर १.९ मीटर धरा. ताशी ५० किलोमीटर वेगाला ही चेन सेकंदाला अडीचपेक्षा जास्त फेऱ्या मारते. दर फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा हलतो: पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना, उतरताना, आणि मागच्यावरही तसंच. म्हणजे एका सेकंदात सुमारे दहा वेळा. त्यातही पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं असेल तर तिथं सांधा दर वेळी जवळपास २६ अंशांनी वळतो, मागच्यावर साडेआठ अंशांनी. चोपड्याहून जळगावला जाऊन येईपर्यंत एकेका पिनेचं असं घासणं हजारो वेळा होतं.

हा बुश चेनमध्ये आणला हान्स रेनॉल्ड यांनी. मूळचे स्वित्झर्लंडचे हे इंजिनिअर मँचेस्टरला आले, १८७९ मध्ये त्यांनी सॅलफर्डमधला एक छोटा कारखाना घेतला आणि १८८० मध्ये बुश-रोलर चेनचं पेटंट मिळवलं. त्या कारखान्यात कापड गिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनत. त्याआधी सगळा भार पत्तीच्या अरुंद भोकावर यायचा आणि ते भराभर मोठं व्हायचं. बुशमुळे तो पिनेच्या बऱ्याच लांबीवर पसरला. आजही गाडीच्या चेनची रचना मुळात तीच आहे. पण तिची एक अट आहे: पिन आणि बुश यांच्यामध्ये तेलाचा थर हवा.

खानदेशात हा थर टिकणं अवघड आहे. आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. मुलतानी मातीतही हे खनिज असतं, आणि ती चेहऱ्यावरचं तेल टिपते हे सगळ्यांना माहीत आहे. वाळलेल्या शिवारातला बारीक फुफाटा चेनवर बसला की तिथलं तेल तोही टिपून घेतो. त्याच धुळीत बेसॉल्टचे टणक कण आणि गारगोटीचा चुरा असतो, आणि गारगोटी साध्या लोखंडावर सहज ओरखडा काढते. तेल अधिक असे कण म्हणजे व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती ग्राइंडिंग पेस्टच. म्हणून आधीची घाण न काढता वरून तेल ओतलं, तर आपण स्वतःच ती पेस्ट सांध्यात ढकलतो.

सांध्यात घाण जाऊ नये, माझा सगळा आग्रह याच एका गोष्टीसाठी आहे. आपल्याकडे इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल ब्रशनं चेनला फासायची पद्धत आहे. फुकट मिळतं, चेन काळी कुळकुळीत दिसते, समाधान वाटतं. पण त्या ऑइलमध्ये काजळी, धातूचे बारीक कण आणि आम्ल पदार्थ जमलेले असतात. ते इंजिनातून काढलं जातं ते त्याचसाठी. ज्या गाडीवर दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा आणि शाळेत जाणारी मुलं जातात, तिला चांगलं ऑइल द्यायला काय हरकत आहे?

धुण्यासाठी रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं. पेट्रोल नको: ते झटकन पेट घेतं, आणि ज्या चेनमध्ये रबरी ओ-रिंग असतात त्यांचं रबर खराब करतं. अशा चेनमध्ये पिनेजवळचं ग्रीस कारखान्यातच बंद केलेलं असतं. बाहेरून तेल द्यायचं ते रोलरसाठी, गंज लागू नये म्हणून आणि रबर मऊ राहावं म्हणून. गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा आणि चाक हातानंच फिरवा. इंजिन चालू ठेवून चेन फिरवताना बोट स्प्रॉकेटमध्ये सापडलं तर तुटतंच. नायलॉनच्या ब्रशनं घासा, तारेच्या नको. वॉशिंग सेंटरवरचा जोराचा फवारा थेट चेनवर मारू देऊ नका, कारण पाणी आणि चिखल नेमका सांध्यात शिरतो. कापसाच्या दिवसांत पुढच्या स्प्रॉकेटचं झाकणही उघडून पाहा. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे तो तेल चटकन धरतो आणि तिथं ओला बोळा तयार होतो.

तेल म्हणून ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचं खास स्प्रे. ग्रीस घट्ट असल्यानं फटीत शिरत नाही, बाहेर बसून धूळ गोळा करतं. तेल फटीत जातं ते केशाकर्षणानं, आणि पातळ असेल तर लवकर. म्हणून गाडी थोडी चालवून आणल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या बाजूच्या चेनच्या आतल्या अंगाला, आतली आणि बाहेरची पत्ती भिडते त्या फटीवर एकेक थेंब द्या. चेन फिरू लागली की तेल बाहेर फेकलं जातं, आणि वाटेत सांधा लागतो. रात्रभर मुरू द्या, सकाळी वरचं ओघळलेलं तेल कापडानं पूर्ण पुसा. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हात ऑइल २५ अंशांना असतं त्याच्या निम्म्याहूनही पातळ होतं, त्यामुळे उन्हाळ्यात ते लवकर उडून जातं. पुन्हा तेल द्यायचं सर्वसाधारण अंतर ५०० किलोमीटर. पावसात गाऱ्यातून गाडी काढली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका. ज्या गाड्यांना पूर्ण चेनकव्हर असतं तिथं धूळ कमी जाते, पण आत गेलेला चिखल आतच वाळतो, आणि झाकलेलं असल्यानं विसरला जातो.

चेन फार टाइट करू नका. दोघं-तिघं बसले की मागचं चाक वर दबतं आणि चेन आणखी ताणते. मग बेअरिंगवर भार येतो. ढिलेपणा किती हवा ते गाडीच्या पुस्तकात असतं, बहुतेक वेळा २० ते ३० मिलिमीटर. चाक फिरवत चेन जिथं सर्वांत घट्ट असेल तिथं मोजा.

चेन संपली की नाही हे मोजपट्टीनं कळतं. ४२८ च्या चेनवर ओढ देऊन पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नवीन असताना हे अंतर २५४ मिलिमीटर असतं. ते २५९ च्या आसपास गेलं, म्हणजे दोन टक्के वाढलं, तर चेन बदला आणि दोन्ही स्प्रॉकेटही सोबतच बदला. जुन्या स्प्रॉकेटचे दात वाढलेल्या चेनच्या मापानं झिजलेले असतात, नवी चेन त्यांवर नीट बसत नाही आणि लवकर झिजते. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या चेनलॉकची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेनं पुढं सरकते त्या बाजूला ठेवा.