फुलपाखरू आणि पतंग: दोन वेगळे गट नव्हेत

‘दिवसा उडतं ते रंगीत फुलपाखरू, रात्री दिव्यावर येतो तो मळकट पतंग; दोघांचे गट निराळे.’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. डोळ्यांना तसंच दिसतं, म्हणून ते पटतंही.

प्रत्यक्षात दोघंही कीटकवर्गातल्या एकाच गणातले: लेपिडोप्टेरा, म्हणजे ग्रीकमध्ये ‘खवल्यांचे पंख’. मेलेल्या फुलपाखराच्या पंखावरून बोट फिरवा. बोटाला लागणारी भुकटी म्हणजे हेच खवले. भिंगाखाली ते कौलांसारखे एकावर एक बसलेले दिसतात. पतंगाचेही तसेच.

या गणात सुमारे 1,60,000 ज्ञात जाती आहेत. त्यांतली फुलपाखरं जेमतेम 18 ते 19 हजार, आणि तीही पतंगांच्याच वंशवृक्षाची एक फांदी. मला तर हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

मग ओळखायचं कसं? रंग आणि वेळ सोडा. दिवसा उडणारे झगमगीत पतंग पुष्कळ आहेत. मिशा पाहा. फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ असते, पतंगाच्या बहुधा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. अपवाद इथेही आहेत: अमेरिका खंडातल्या हेडिलिडी कुळातली फुलपाखरं बहुतांशी रात्री उडतात आणि त्यांच्या मिशांना गाठ नसते.